होडीच्या इंजिनाला गरमीचा हॉर्न: चांगदेव संगमावरच्या नोंदी

7 जानेवारी 2024

नानांच्या होडीवर इंजिन तापल्याची खबर देणारा अलार्म बसवायचा आहे. बॅटरी सोडून खर्च पाचशेच्या आत, आणि सामान असं की उद्या मी नसलो तरी मुक्ताईनगरात नाहीतर भुसावळला मिळावं. या दोन अटी माझ्या. नानांची अट एकच: "मले सारखं बघत बसायला लागलं नही पाहिजे."

होडी पत्र्याची. चांगदेवच्या घाटावरून माणसं, चारा, खताच्या गोण्या, अडल्या वेळी मोटरसायकलसुद्धा पलीकडे जाते. हतनूर धरणाचं पाणी तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत मागे तुंबलेलं असतं, त्यामुळे पात्र रुंद आणि मध्ये बंद पडलो तर हाकेच्या अंतरावर कोणी नाही. इंजिन आठ हॉर्सचं, सिंगल सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं. आधी ते कुणाच्या तरी विहिरीवर होतं. हँडल मारून चालू करायचं, म्हणजे बॅटरी नाही, डायनामो नाही, मीटर तर नाहीच नाही. गिअरही नाही, शाफ्ट थेट पाण्यातल्या पंख्याला.

थंड करण्याची व्यवस्था साधी आहे. होडीच्या तळाला एक इंची पाइप, त्याला बाहेरून जाळी. बेल्टवरचा लहान पंप नदीचं पाणी ओढतो, ते जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीत, खालून शिरतं, हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या झाकणातून) वर येतं आणि बेंडला, म्हणजे तिथल्या वाकड्या पाइपला, लावलेल्या रबरी नळीतून डाव्या अंगाला परत नदीत पडतं. ही पडणारी धार हेच आजवरचं मीटर. धार जाड आहे तोवर चिंता नाही, बारीक झाली की जाळी साफ करायची, बंद पडली की इंजिन बंद करायचं.

पण नाना बसतात मागे सुकाणूपाशी. मध्ये इंजिनाची पेटी, पेटीवर चाऱ्याचे भारे नाहीतर माणसं, आणि धार त्यांच्या पलीकडे. पावसाळा संपता संपता जलपर्णीच्या मुळ्यांनी जाळी बुजली, धार गेली, आणि कळलं ते जळका वास आल्यावर. त्यावर होडीतल्या कोणीतरी भलेपणाने बादलीभर नदीचं पाणी तापलेल्या हेडवर ओतलं. बिडाचं हेड ते, तडकलं. नवं हेड, गॅस्केट, लायनर-पिस्टन, लेथवाल्याची मजुरी, शिवाय होडी बसून राहिली ती वेगळीच.

माझा धंदा मोटर स्टार्टर आणि पॅनल दुरुस्तीचा. रिले, ऑटो स्विच, सिंगल फेज प्रिव्हेंटर रोज हातात असतात. त्यामुळे सर्किटची काळजी नाही. सेन्सर कुठे लावायचा, हे ठरवण्यात खरा वेळ जाणार.

11 जानेवारी

बेंड खोलून बघितला. आत तपकिरी-पांढरा थर, नखाने खरवडला तर खपली निघते. पूर्णा विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातून येते, आणि होडी वर्षभर संगमातच असते. जॅकेटमध्ये क्षार बसणारच. हा थर उष्णता अडवून धरतो. पाणी थंडच बाहेर पडतं आणि आत धातू मात्र जास्त तापतो. म्हणजे बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान मोजून भागणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाणी बंदच झालं तर नळीत गरम पाणी येणार कुठून? बाजारात मिळणारे बरेच तयार सेन्सर पाण्याच्या वाटेत बसवायचे असतात. ज्या इंजिनात तेच पाणी आतल्या आत फिरत राहतं, तिथे ते चालतात. आपल्याकडे नदीचं पाणी एकदाच आत जाऊन बाहेर पडतं. धार तुटली की तो सेन्सर कोरडा पडून गप्प बसेल, आणि नेमकी तीच वेळ ओरडायची आहे.

13 जानेवारी

आज तापमानं घेतली. कोरोनाच्या काळात घेतलेली कपाळाची गन घरात पडून होती, ती आधी लावून बघितली. ती 42 च्या पुढे नुसतं "हाय" दाखवते. माणसासाठीचं यंत्र ते, इंजिनाशी त्याचा काय संबंध. मग थर्मोकपलची, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी, वायर असलेला मल्टिमीटर आणला. वायरीचं टोक ज्या त्या जागी दाबून वर कापड गुंडाळायचं, नाहीतर वाऱ्याने आकडा खाली येतो.

त्याआधी तळाच्या पाइपला आतून एक इंची बॉल व्हॉल्व्ह टाकला. पाणी मुद्दाम बंद करून बघायला तो हवाच होता, आणि एरवीही तळाला भोक असलेल्या होडीत व्हॉल्व्ह नसणं मला पटत नव्हतं.

होडी दोन दोरांनी घाटावरच्या झाडाला बांधली आणि पंखा फिरता ठेवला. इंजिन नुसतं रिकामं चालवलं तर ते फारसं तापतच नाही, आणि मग सगळे आकडे फसवे येतात. अर्ध्या रेसवर पंधरा-वीस मिनिटं चालू दिलं. नदीचं पाणी 21 अंश. नळीतून पडणारं पाणी 44. बेंडच्या फ्लँजवर, म्हणजे तो हेडला आवळायच्या चपट्या कडेवर, 46. सायलेन्सरच्या बाजूच्या हेड नटवर 71.

मग व्हॉल्व्ह बंद केला. धार लगेच तुटली. नानांचा पोरगा मोबाइलमध्ये वेळ बघत होता, मी वायर या जागेवरून त्या जागेवर हलवत होतो. पहिल्या दोन मिनिटांत नळी उलट थंड होत गेली, 44 वरून 39 वर आली. परवा लिहिलं होतं ते समोरच दिसलं. बेंडचा फ्लँज मात्र चढत होता: दोन मिनिटांनी 55, चार मिनिटांनी 70, साडेपाचच्या सुमारास 81. तेव्हा हेड नट 96 वर होता. तिथेच इंजिन बंद केलं. व्हॉल्व्ह लगेच उघडला नाही. तापलेल्या बिडात थंड पाणी बाहेरून ओता की आतून सोडा, तडा जायचा तो जातोच.

हिशोबानेही हे जुळतं. डिझेलमधली साधारण तिसरा हिस्सा उष्णता जॅकेटच्या पाण्यात जाते. या लोडवर ती तीन-साडेतीन किलोवॅट धरली, जॅकेटमध्ये चार लिटर पाणी आणि भोवती बिडाचा गोळा धरला, तर पस्तीसेक अंश चढायला चार-पाच मिनिटं लागतातच. पुढे पाणी उकळायला लागेल. ते उकळत असेपर्यंत धातू शंभराच्या थोडा वर रेंगाळतो. पाण्याची वाफ होऊन पातळी हेडच्या खाली उतरली की मग त्याला आवर नाही, आणि गॅस्केट, पिस्टन जातात ते तेव्हा. म्हणजे फ्लँजवर 80 ला वाजलं तर नानांच्या हाती काही मिनिटं उरतात.

जागा ठरली: बेंडच्या फ्लँजचा स्टड (बोल्ट). हेड नटाखाली सेन्सरची पट्टी दाबली असती तर आकडा आणखी आधी मिळाला असता, पण हेडचे नट ठरावीक ताकदीने आवळलेले असतात. त्यांच्याखाली तांब्याची पट्टी सारली तर ती दबते आणि आवळ ढिली पडते. अलार्मसाठी गॅस्केट उडवायचं नाही.

20 जानेवारी

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये गेलो होतो. केएसडी 301 नावाच्या थर्मोस्टॅट डिस्क आणल्या. गिझरमध्ये, गरम पाण्याच्या डिस्पेन्सरमध्ये ज्या बटणाएवढ्या गोल डिस्क असतात त्याच. आत दोन धातूंची वाकडी चकती असते. ठरलेल्या तापमानाला ती टक् करून उलटी होते आणि कॉन्टॅक्ट उघडते किंवा जोडते. किंमत तीस रुपयांच्या आत. त्यांना ना सॉफ्टवेअर लागतं, ना सेटिंग.

एक माणूस मला छोटा कंट्रोलर घ्या म्हणत होता, स्क्रीनवर आकडे दिसणारा. वस्तू वाईट नाही. पण ऊन, डिझेलचा ओशटपणा आणि सिंगल सिलिंडरची थरथर यांत तो किती टिकेल? आणि नानांना बघायचंच नाहीये.

एनसी प्रकारच्या डिस्क घेतल्या, म्हणजे एरवी जोडलेल्या आणि तापल्यावर उघडणाऱ्या. उलट प्रकार, तापल्यावर जोडणारा, घेतला असता तर सर्किट निम्मं झालं असतं: बॅटरी, डिस्क, हॉर्न, संपलं. पण त्यात वायर तुटली तर कोणाला कळणार नाही. अलार्म मेलेला आणि सगळे निर्धास्त. एनसीमध्ये वायर तुटणं आणि इंजिन तापणं दोन्ही सारखंच. दोन्ही वेळेला वाजणार. चुकलंच तर वाजण्याच्या बाजूने चुकू दे.

21 जानेवारी

डिस्कवर छापलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही, पाच अंश इकडे-तिकडे चालतं असं बनवणारेच म्हणतात. घरी गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात स्टीलची वाटी तरंगत सोडली. वाटीच्या तळाला आतून डिस्क दाबून बसवली, शेजारी थर्मोकपल, आणि डिस्कच्या दोन टोकांना जुना मल्टिमीटर बीपवर. आधी थर्मोकपल तपासलं. आपल्याकडे पाणी 99 च्या आसपास उकळतं, मीटरने 98 दाखवलं. चालेल.

80 लिहिलेल्या डिस्कपैकी एक 76 ला उघडली, एक 83 ला, एक 79 ला. गॅस बारीक करून गार होऊ दिलं तर परत जोडली जायला 62-64 पर्यंत खाली यावं लागतं. हा फरक चांगलाच आहे, नाहीतर हॉर्न उगाच लागत-बंद होत राहिला असता. 79 वाली घेतली. पुन्हा पुन्हा तापवली तरी ती तिथेच टक् करते.

70 ची डिस्क का नाही, हे नानांच्या पोराने विचारलं. आत्ता थंडी आहे. मे महिन्यात नदीचंच पाणी तीसच्या वर जाईल, फ्लँज त्याच मानाने दहा-बारा अंश वर सरकेल. शिवाय इंजिन बंद असतानाही पत्र्याच्या होडीत लोखंडाला हात लावता येत नाही. 70 वाली पाच अंश आधी उघडणारी निघाली तर उन्हाळाभर उगाच बोंबलेल, आणि उगाच बोंबलणाऱ्या अलार्मची वायर माणसं आठ दिवसांत कापतात. शेतातल्या स्टार्टरचे प्रिव्हेंटर बायपास केलेले मी रोज बघतो.

28 जानेवारी

सर्किट बोर्डावर जोडलं. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, स्विच, मग दहा किलोओहमचा रेझिस्टर बीसी 547 ट्रान्झिस्टरच्या बेसला. बेसपासून एक वायर डिस्कला, डिस्कची दुसरी वायर मायनसला. डिस्क जोडलेली आहे तोवर बेस मायनसला धरलेला, ट्रान्झिस्टर बंद. डिस्क उघडली की बेसला करंट मिळतो, ट्रान्झिस्टर चालू, 12 व्होल्टचा रिले ओढतो आणि हॉर्न वाजतो. रिलेच्या कॉइलवर उलटा 1एन4007 डायोड. नुसतं पहाऱ्यावर असताना एक-सव्वा मिलिअँपिअर खर्च, म्हणजे यूपीएसमधून काढलेल्या सात अँपिअर-अवरच्या जुन्या बॅटरीलाही ते जाणवत नाही.

दोन गोष्टी मुद्दाम केल्या. बॅटरीचा मायनस इंजिनाच्या बॉडीला जोडला नाही. गाडीत तो जोडलेला असतो, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. इथे तो जोडला आणि डिस्ककडे जाणारी वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर बेस कायमचा मायनसला जाईल आणि अलार्म कायमचा गप्प. आणि टेस्टचं बटण बॉक्सवर न ठेवता इंजिनाच्या टोकाला, डिस्कच्या अगदी शेजारी घातलं. बटण दाबलं की सर्किट उघडतं आणि हॉर्न वाजतो. ते बॉक्सवर असतं तर पुढच्या वायरी एकमेकींना चिकटल्या तरी हॉर्न वाजला असता आणि सगळं ठीक वाटलं असतं. आता डिस्कपर्यंतच्या दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या नसतील तरच वाजेल.

4 फेब्रुवारी

होडीवर बसवणं. तीन मिलिमीटर जाडीची तांब्याची पट्टी, एका टोकाला स्टडचं भोक, दुसऱ्या टोकाला डिस्कचे दोन स्क्रू. मध्ये पांढरी हीटसिंक पेस्ट. पट्टी एका मोटरच्या जुन्या टर्मिनलची आहे, खर्च शून्य. वायरीला रिवाइंडिंगवाल्यांकडची फायबरग्लास स्लीव्ह, प्रत्येक वायरीला वेगळी. सोल्डर कुठेच नाही. या थरथरीत सोल्डरच्या कडेलाच तार तुटते. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून घातले, वर क्लिप, आणि इंजिनाजवळ वायरीला एक सैल वेढा ठेवला.

स्विच डिझेलच्या कॉकशेजारी. कॉक उघडल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, हात तिथे जातोच. कॉक, स्विच, टेस्टचं बटण, मग हँडल: असा क्रम पोराच्या हाताला बसवून घेतला.

11 फेब्रुवारी

आजची नोंद मोठी आहे, कारण आज मी ज्याला किरकोळ समजत होतो तोच भाग अडला.

आवाजासाठी पिझो बझर आणला होता. पाकिटावर 110 डेसिबल. घरी टेबलावर वाजवला तर शेजारच्या काकू बाहेर आल्या. होडीवर इंजिन चालू करून बटण दाबलं. मला स्पष्ट ऐकू आला, पोराला आला, घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी मान वर केली. नाना सुकाणूला हात लावून समोर बघत बसलेले. बझर त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होता.

"नाना, वाजून राह्यला ना!"

"काय वाजून राह्यलं?"

पोराने बझर उचलून त्यांच्या कानाशी धरला. तेव्हा म्हणाले, "हं, काहीतरी किर्रर करते."

हे बझर तीन हजार हर्ट्झच्या आसपास वाजतात. आणि सततच्या आवाजाने कान जातात ते आधी नेमके त्याच पट्ट्यात, तीन ते सहा हजारांत, चार हजारांपाशी सर्वांत जास्त. माणसाचं जाड बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून आपले कान गेलेत हे त्याला स्वतःला पटत नाही. नाना आयुष्यभर या इंजिनाला पाठ लावून बसलेत. पाखरांचा आवाज कमी येतो का, असं विचारलं. "पाखरं आता उरली कुठं," म्हणाले. हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात पाखरं बघायला लोक दुरून येतात. पोराने माझ्याकडे बघितलं, आम्ही दोघेही काही बोललो नाही.

बझर काढला. भंगारातल्या मोटरसायकलचा हॉर्न लावला. तो चारशे हर्ट्झच्या आसपासचा, जाड आवाजाचा. दोन-अडीच अँपिअर ओढतो, पण त्यासाठीच रिले घातलेला आहे. सुकाणूच्या वर, कानाच्या उंचीला, तोंड नानांकडे करून क्लॅम्पने आवळला. बटण दाबलं.

नाना दचकून उभेच राहिले. होडी डुलली. "बंद कर त्याले!"

काम झालं. कान दवाखान्यात दाखवायचं बोललो आहे. इंजिनाच्या पेटीला आतून जुनी गोधडी लावायचा विचार पोराने मांडला, मी नको म्हणालो. डिझेलने ओली झालेली गोधडी सायलेन्सरजवळ नको.

18 फेब्रुवारी

पूर्ण चाचणी. होडी झाडाला बांधली, पंखा फिरता, व्हॉल्व्ह बंद. पाच मिनिटांच्या थोडं पुढे हॉर्न वाजला, तेव्हा थर्मोकपल 80 दाखवत होतं. वायर थिंबलमधून ओढून काढली, वाजला. फ्यूज काढला तर अर्थातच नाही वाजला. तेवढ्यासाठी एक हिरवा एलईडी लावला, तो विझलेला दिसला की बॅटरी किंवा फ्यूज बघायचा.

खर्च: डिस्क, रिले, ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर मिळून शंभराच्या आत. पीव्हीसी बॉक्स आणि ग्लँड एकशेदहा. हॉर्न भंगारात सत्तर. वायर, स्लीव्ह, थिंबल, स्विच, बटण यांचे दीडशे. बॉल व्हॉल्व्ह वेगळा धरला आहे, तो असाही हवाच होता.

आणखी एक कल्पना होती: पाण्याच्या टाकीच्या ऑटो स्विचसारखे दोन स्टीलचे रॉड धारेत धरायचे, धार तुटली की लगेच वाजेल, तापायची वाटच बघायला नको. टेबलावर करून बघितलं. धार तुटल्यावरही रॉडच्या मधल्या ओल्या प्लास्टिकवरून करंट जात राहतो, आणि गाळाचा थर बसला की जातच राहतो. प्रत्येक फेरीला रॉड पुसणार कोण? सोडून दिलं.

10 मार्च

परवा महाशिवरात्र झाली. मुक्ताई-चांगदेवच्या यात्रेचे दिवस, संगमावर सकाळपासून गर्दी, होडीला दम नाही. हॉर्नबद्दल एकच तक्रार: दुपारी घाटावर लागून इंजिन बंद केलं, माणसं उतरली, आणि चार-पाच मिनिटांनी होडीत कोणी नसताना हॉर्न सुरू. दोन आज्या घाबरल्या.

हे बिघाडाचं लक्षण नाही. इंजिन बंद झालं की पंपही थांबतो, पण पिस्टन-लायनरमधली उष्णता तशीच असते. ती थांबलेल्या पाण्यात उतरते आणि फ्लँज काही मिनिटं वर चढतो. दिवसभर ओढून काम केल्यावर तो 80 ला टेकला. उपाय दोन. कॉक बंद करताना स्विचही बंद करायचा. आणि त्याआधी, घाटाला लागायच्या थोडं आधीपासून रेस कमी करून दोन-तीन मिनिटं हळू चालवायचं, म्हणजे पाणी वाहतं असताना उष्णता निघून जाते. दुसरा उपाय इंजिनासाठीही चांगला. नाना म्हणाले, यात्रेत दोन मिनिटं कोणाकडे असतात. खरं आहे.

14 एप्रिल

काल सकाळी हॉर्न खऱ्या कामाला वाजला. मी नव्हतो, पोराने सांगितलं. चाऱ्याचे भारे भरून पूर्णेच्या बाजूने येत होते. हॉर्न वाजल्याबरोबर नानांनी रेस सोडली, पोरगा भाऱ्यांवरून पलीकडे गेला. धार करंगळीएवढीही नव्हती, नुसती ठिबकत होती. इंजिन बंद, लोखंडी नांगर पाण्यात, बॉल व्हॉल्व्ह बंद. बादली कोणी उचलली नाही.

जाळीतून निघालेला गोळा त्याने मला दाखवायला पिशवीत ठेवला होता. जलपर्णीच्या काळ्या, केसाळ मुळ्या, त्यांत अडकलेला चिकणमातीचा गाळ, केळीच्या सोपाचे लांब धागे आणि एक गुटख्याची पुडी. धागे मुळ्यांना इतके आवळून बसलेले की कात्रीने कापावे लागले. वरून पाणी आलं की हे सगळं वाहत येतं.

अर्धा तास थांबून, बेंडला हात लावता येईल एवढं निवल्यावर व्हॉल्व्ह उघडला आणि हँडल मारलं. धार आली. दुपारी मी हेड बघितलं: पाण्याचा पाझर नाही, ऑइल दुधाळ नाही, कॉम्प्रेशन पहिल्यासारखं.

21 एप्रिल

जाळी होडीच्या बाहेर, तळाला असणं हीच मुळात गैरसोय आहे. दर वेळी पाण्यात हात घालून आकडीने ओढायचं. आता बॉल व्हॉल्व्हच्या पुढे आतच एक फिल्टर टाकला: ठिबकचा स्क्रीन फिल्टर, आपल्याकडे ज्याच्या त्याच्या खळ्यात एखादा पडलेला असतो. आतली बारीक जाळी काढून टाकली, ती ठिबकच्या भोकांसाठी असते, इथे तासाभरात बुजेल. तिच्या जागी तीन मिलिमीटर भोकांच्या पत्र्याची नळी करून घातली. व्हॉल्व्ह बंद करायचा, टोपी फिरवायची, झटकायचं, लावायचं.

सक्शनच्या, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला आहे म्हणून टोपीचं रबर नवं टाकलं. तिथून हवा ओढली गेली तर पंप पाणी सोडून देईल आणि दुखणं बाहेरचं घरात यायचं. बाहेरची जाळी काढली नाही, फक्त तिची भोकं मोठी केली.

26 मे

ऊन बघायला मुद्दाम दुपारी गेलो. घाटावर सावलीत 44. नदीचं वरचं पाणी 32. इंजिन सकाळपासून बंद, पेटीचं झाकण लावलेलं, तरी फ्लँज 57 वर होता. चालू करून, पूर्ण रेसवर, माणसं भरून पलीकडे जाऊन आलो: पाणी वाहतं झाल्यावर फ्लँज 58-59 वर स्थिर. 80 पर्यंत वीस अंश शिल्लक आहेत. 70 ची डिस्क असती तर या दिवसांत इंजिन बंद केल्यावर रोज वाजली असती.

बॅटरी मात्र उन्हात होती, तिचं अंग तापलेलं. लेड-ॲसिड बॅटरी उष्णतेने लवकर मरते. ती मागच्या फळीखाली, पाण्याच्या पातळीच्या जवळ सरकवली. तिथला पत्रा नदीमुळे गारच राहतो.

14 जुलै

नदी चढली, हतनूरचे दरवाजे उघडायला लागले. होडी वर ओढून ठेवली. बॉक्स, हॉर्न, बॅटरी घरी आणली. डिस्क पुन्हा वाटीत घालून तपासली: 79. तांब्याच्या पट्टीवर हिरवट झाक आली होती, पॉलिश पेपरने घासली, पेस्ट नवी लावली. एक थिंबल सैल वाटला, बदलला. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.

नानांच्या साडूची होडी मेहूणच्या बाजूला असते, त्यांनाही हेच हवंय. त्यांचं इंजिन हवेवर थंड होणारं आहे. तिथे ना बेंड, ना जॅकेट; फिन्सचं तापमान नेहमीच्या चालण्यातच शंभराच्या बरंच वर असतं. आधी लोड घालून कुठल्या फिनवर किती येतं ते मोजावं लागेल, मग त्या आकड्याच्या वरची सिरॅमिक बॉडीची डिस्क शोधायची. आणि इंजिनाला हवा मारणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर कचरा बसतो का, तेही बघायचं. पाणी उतरलं की थर्मोकपल घेऊन तिकडे जायचं आहे.